नाताळच्या सुट्टीत पाहुणे येणार? सुंठ-जायफळाची मसाला कॉफी घरीच करा, पण दूध फाटू देऊ नका

बेळगाव : गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आमच्या घरी सतरा-अठरा माणसं जमली होती. बडोद्याहून आत्या, तिची मुलं-सुना, फोंड्याहून मावसभाऊ आणि त्याचं कुटुंब. शेजारच्या ख्रिश्चन घरातून नेवऱ्या, दोदोल आणि केकचं ताट आलेलं. बाहेर थंडी मस्त पडलेली. पुण्यात नोकरीला असलेल्या भाचीने हट्ट धरला, "मामा, कॅफेत डिसेंबरमध्ये मसाल्याची कॉफी मिळते ना, तशी करू या." मी म्हटलं, त्यात काय, करतो की.

तीन लिटर दूध पातेल्यात चढवलं. त्यात मूठभर आलं किसून टाकलं, गूळ फोडून टाकला आणि गॅस मोठा केला. पाच मिनिटांत वर पांढऱ्या गुठळ्या आणि खाली हिरवट पाणी! बेळगावात दूध आटवून कुंदा करतात, मी फाडून दाखवलं. आत्या स्वयंपाकघरात आली, पातेल्यात बघितलं आणि म्हणाली, "अरे, आलं नि गूळ दोन्ही दुधातच टाकलंस? मग दुसरं काय होणार होतं?"

त्या दिवशी पाहुण्यांना साधा चहा दिला. पण ते डोक्यातून जाईना. त्यानंतर कॉफी दळून देणाऱ्या दुकानदारांना विचारलं, मसाल्याच्या व्यापाऱ्यांशी बोललो, घरातल्या बायकांकडून शिकलो आणि दर रविवारी चार-चार कप करून बघितले. आता ही कॉफी बिघडत नाही. मसाले महाग नाहीत आणि कृती अवघडही नाही. सगळा खेळ आहे तो कुठली गोष्ट कधी टाकायची याचा. तेच इथे सविस्तर सांगतो.

ही कॉफी आली कुठून?

कॅफेतल्या पाट्यांवर तिची नावं इंग्रजी असतात. जिंजरब्रेड लाटे, पंपकिन स्पाइस लाटे वगैरे. पंपकिन स्पाइस लाटे हे पेय अमेरिकेत स्टारबक्सने २००३ मध्ये आणलं. नावात लाल भोपळा असला तरी सुरुवातीला त्यात भोपळा नव्हताच. तो २०१५ पासून घालायला लागले. नाव पडलं ते मसाल्यावरून. तिकडे थंडीत भोपळ्याचा गोड पाय करतात, त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग घालतात. तोच मसाला कॉफीत आला. जिंजरब्रेड म्हणजे नाताळात करायचा सुंठीचा केक किंवा बिस्किट. त्यातही मसाला जवळपास हाच.

आता आपल्याकडे बघा. जायफळ-वेलची घातलेली कॉफी मराठी घरांना नवीन नाही. पंगत उठल्यावर, उपासाच्या दिवशी, कोजागरीला रात्री जागताना अशी कॉफी कितीतरी घरांत होत आली आहे. खाली तमिळनाडू-केरळात सुक्कु कापी किंवा चुक्कु कापी करतात. त्यात सुंठ, मिरी आणि ताडाचा गूळ असतो, दूध बहुतेक वेळा नसतं. सर्दी-पडशात ती हमखास घेतली जाते.

म्हणजे मसाले सगळे आपल्या डब्यातलेच. कॉफीसुद्धा लांबची नाही. येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावणाऱ्या बाबा बुडन यांची कथा १७ व्या शतकातली म्हणून सांगतात. आज देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते, तीही मुख्यतः कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन या तीन जिल्ह्यांत. त्यामुळे आमच्या भागात समोर दळून देणारी दुकानं अजून आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या वाचकांना ती सोय सहज मिळेलच असं नाही. त्यांच्यासाठीही पुढे उपाय दिला आहे.

आधी पाकीट वाचा

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे आधी हिशेब. फिल्टर कॉफीच्या बहुतेक पाकिटांत कॉफी एकटी नसते. तिच्यात चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी ही एका झाडाची मुळी. ती भाजून दळतात. आपल्या देशात तिची शेती गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. चिकोरीने डिकॉक्शनला गडद रंग आणि दाटपणा येतो, पण तिच्यात कॅफिन नसतं आणि कॉफीचा वासही नसतो.

चिकोरी घालणं म्हणजे भेसळ नव्हे. नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि कॉफी किती, चिकोरी किती हे पाकिटावर छापावं लागतं. अक्षरं बारीक असतात, पण असतात. ती वाचूनच घ्या.

भाव कसा तपासायचा? समजा, एक पाकीट किलोला ७०० रुपये आणि त्यात कॉफी ५५ टक्के. दुसरं ८५० रुपये आणि त्यात कॉफी ८० टक्के. वरवर पहिलं स्वस्त. पण पहिल्या पाकिटात किलोमागे ५५० ग्रॅमच कॉफी आहे, दुसऱ्यात ८०० ग्रॅम. निव्वळ कॉफीच्या १०० ग्रॅमला पहिल्यात सुमारे १२७ रुपये पडले आणि दुसऱ्यात सुमारे १०६. चिकोरीची किंमत यात वेगळी धरलेली नाही, तरी अंदाज यायला एवढं पुरे.

मसाला कॉफीसाठी मला ८०:२० किंवा ७०:३० हे प्रमाण बरं वाटलं. चिकोरी फार झाली की तिचा कडूपणा आणि लवंग-दालचिनीचा उग्रपणा एकमेकांवर चढतात. अगदी शुद्ध कॉफी घेतली तर दूध-गुळात ती थोडी पातळ लागते. दळून घेणार असाल तर दुकानदाराला "फिल्टरसाठी" एवढंच सांगा आणि पंधरा दिवस पुरेल इतकीच घ्या. दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो.

मसाले निवडताना

सुंठ : वजनाला जड, मोडल्यावर आतून फिकट पिवळी आणि तिखट वासाची हवी. चुना लावून पांढरीशुभ्र केलेली सुंठ दिसायला छान, पण घेऊ नका.

दालचिनी : बाजारात दोन प्रकार मिळतात. जाड, कडक, एकाच वळीची साल असते ती बहुतेक कॅशिया. पातळ, ठिसूळ, विडीसारखी अनेक पदरांची असते ती खरी दालचिनी. कॅशिया स्वस्त आणि उग्र, पण तिच्यात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं. ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात जाणं यकृताला चांगलं नाही. सणासुदीच्या कपाला काही होत नाही, पण रोज पिणार असाल तर पातळ सालीचीच घ्या.

वेलची आणि लवंग : वेलची हिरवी आणि भरलेली असावी. लवंगेला वरची गोल बोंडी शाबूत हवी. नखाने दाबली तर किंचित तेल सुटलं पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग कोरडी आणि हलकी लागते.

जायफळ : अख्खंच घ्या, पूड नको. भोक पडलेलं, हलकं लागणारं जायफळ किडलेलं असतं. चांगलं जायफळ बंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतं, पण किसल्यावर त्याचा वास फार थांबत नाही. कोकणात आणि गोव्यात फोंड्याच्या बाजूला कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत जायफळाची झाडं आहेत. बीवरची लाल जाळी म्हणजे जायपत्री आणि आतली बी म्हणजे जायफळ. मावसभावाने तिकडून आणलेल्या दोन जायफळांवर आमचं वर्ष निघालं.

बेळगावच्या बाजारात कन्नड दुकानदाराकडे जायफळ "जाजीकाय" आणि दालचिनी "चक्के" म्हणून मागा, लगेच काढून देतात.

मसाला एकदाच करून ठेवा

साधारण चाळीस कपांना पुरेल असं हे प्रमाण. सगळे चमचे चहाचे आणि सपाट.

- सुंठ पूड : ४ चमचे
- दालचिनी पूड : ३ चमचे
- वेलची पूड : २ चमचे
- लवंगा : ८ ते १०
- मिरी : ६ ते ८ दाणे, आवडत असतील तर

लवंगा आणि मिरी तव्यावर नुसत्या कोमट करा, भाजू नका. खलबत्त्यात कुटून बाकीच्या पुडीत मिसळा. पूड पिठासारखी बारीक करू नका, रव्यासारखी ठेवा. फार बारीक झाली तर फिल्टरची भोकं बुजतात आणि कपाच्या तळाला गाळ बसतो. डबा घट्ट झाकणाचा घ्या. महिना-दोन महिने वास चांगला राहतो.

जायफळ यात घातलेलं नाही हे लक्षात आलं असेल. ते शेवटी, ताजं किसून.

दूध फाटतं कशाने?

दुधातलं केसिन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात दुधात तरंगत असतं. दूध ताजं असेपर्यंत हे कण एकमेकांपासून लांब राहतात. दुधात आंबटपणा वाढला किंवा या कणांचं बाहेरचं आवरण तुटलं की ते एकमेकांना चिकटतात. त्यालाच आपण दूध फाटलं, नासलं म्हणतो. माझ्या पातेल्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या.

पहिलं कारण, आलं. ओल्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं. ते केसिनचं आवरण तोडतं. कोमट ते चांगल्या गरम दुधात, साधारण ६० ते ७० अंशाच्या आसपास, ते जोरात काम करतं. खळखळ उकळल्यावर मात्र ते मरतं. मी थंड दुधात आलं टाकून हळूहळू तापवलं, म्हणजे त्याला कामाला भरपूर वेळ दिला. हेच आलं आधी पाण्यात चार-पाच मिनिटं उकळून घेतलं असतं तर दुधाला धक्का लागला नसता. चहात आलं घालताना आपण नेमकं हेच करतो, फक्त कारण माहीत नसतं.

दुसरं कारण, गूळ. गूळ थोडा आंबट गुणाचा असतो. ओलसर आणि जुना असेल तर जास्तच. असा गूळ उकळत्या दुधात पडला की दूध फाटायची शक्यता वाढते. त्यातून दूध सकाळचं, बाहेर राहिलेलं असेल तर ते आधीच थोडं आंबटाकडे झुकलेलं असतं. कॉफीचं डिकॉक्शनही किंचित आंबटच असतं. एकेकटी गोष्ट दूध सहन करतं, पण तिन्ही एकदम आल्या की हात टेकतं.

म्हणून चार गोष्टी सांभाळा.

एक, ओलं आलं न वापरता सुंठ वापरा आणि तीही पाण्यात उकळून. ओलं आलंच हवं असेल तर आधी पाण्यात चांगलं उकळा, मग गाळा.

दोन, मसाला दुधात न टाकता पाण्यात टाका. दालचिनीची पूड दुधात बुळबुळीत होते, तो त्रासही वाचतो.

तीन, गूळ वेगळा विरघळवून, गाळून घ्या. गुळात माती, चिपाडं निघतातच. तो दुधात टाकायचा तो गॅस बंद केल्यावर.

चार, पाहुणे जास्त असतील तर मोठं पातेलं चढवण्याआधी पळीभर दूध वेगळं उकळून बघा. ते टिकलं तर सगळं टिकेल. आत्याची ही युक्ती जुनीच, पण माझे १८० रुपयांचं दूध वाया जाण्याआधी कुणी सांगितली नाही!

चार कपांची कृती

साहित्य : कॉफी पूड ३० ग्रॅम (पोहे खायच्या चमच्याने साधारण पाच चमचे), पाणी २६० मिली, तयार मसाला १ चहाचा चमचा, ताजं दूध ४०० मिली, किसलेला गूळ ३५ ते ४० ग्रॅम, गुळासाठी वेगळं पाव वाटी पाणी, जायफळ.

१. २६० मिली पाण्यात मसाला टाकून दोन-तीन मिनिटं उकळा. झाकण ठेवा, नाहीतर पाणी आटतं आणि वासही उडतो. आटलंच तर तेवढं पाणी परत घाला. मग पाणी गाळून घ्या.

२. फिल्टरच्या वरच्या भांड्यात कॉफी पूड घालून दट्ट्याने हलकेच दाबा. फार दाबली तर पाणी उतरत नाही. मसाल्याचं पाणी परत गरम करा, उकळी थांबली की त्यातलं थोडं घालून पूड ओली करा. अर्ध्या मिनिटाने बाकीचं घाला आणि झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांत खाली डिकॉक्शन उतरतं. पूड स्वतःत बरंच पाणी धरून ठेवते, त्यामुळे २६० मिली पाण्याचं २०० मिलीच्या आसपास हातात येईल.

३. फिल्टर नसेल तर मसाल्याचं गाळलेलं पाणी उकळा, गॅस बंद करा, त्यात पूड टाका, एकदा ढवळा आणि पाच-सहा मिनिटं झाकून ठेवा. मग सुती कपड्यातून गाळा. पूड पाण्यात उकळत ठेवू नका. उकळत्या पाण्यात जास्त वेळ राहिली की कॉफीतला कडवटपणा सगळा बाहेर येतो आणि मग आपण गूळ वाढवत बसतो.

४. गूळ पाव वाटी पाण्यात गरम करून विरघळवा आणि गाळून बाजूला ठेवा.

५. दूध एक उकळी येईपर्यंत तापवा. म्हशीचं घट्ट दूध असेल तर थोडं पाणी घाला, नाहीतर मसाल्याचा वास सायीखाली दबतो. गॅस बंद करा.

६. दुधात आधी डिकॉक्शन ओता आणि मग गुळाचं पाणी. आता परत उकळू नका. गार वाटली तर मंद आचेवर नुसती वाफ येईपर्यंत ठेवा.

७. उंचावरून दोन-तीनदा एका भांड्यातून दुसऱ्यात ओता. फेस छान येतो, त्यासाठी मशीन लागत नाही. कपात ओतल्यावर प्रत्येक कपावर जायफळ किसणीवर दोन-तीनदा घासा. बस्स.

वीस माणसांसाठी

कॉफी पूड १५० ग्रॅम, पाणी १ लिटर ३०० मिली, दूध २ लिटर, गूळ १७५ ते २०० ग्रॅम. मसाला मात्र पाचपट करू नका. मोठ्या भांड्यात तो झाकणाखाली जास्त वेळ मुरतो आणि वर येतो. ४ चमचे पुरतात. जायफळ सगळ्यांना मिळून पाव. डिकॉक्शन आदल्या रात्री काढून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं. सकाळी फक्त दूध तापवायचं.

सगळ्यांसाठी एकदम दुधात मिसळून ठेवू नका, हेही अनुभवाचं. डिकॉक्शन एका किटलीत, दूध दुसऱ्या किटलीत, गुळाचं पाणी वाटीत. कुणाला मधुमेह असतो, कुणाला कडक लागते, कुणी दूध घेत नाही. ज्याला जशी हवी तशी करून देता येते आणि एखादं भांडं बिघडलंच तर सगळं जात नाही.

फिल्टर नाही, पूड नाही?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडे घरोघरी इन्स्टंट कॉफीच असते. तिच्यावरही हे जमतं. कपाला पाव चमचा मसाला अर्धा कप पाण्यात उकळून गाळा. गरम पाण्यात दीड चमचा इन्स्टंट पूड आणि गूळ विरघळवा, वरून अर्धा कप गरम दूध घाला. इन्स्टंट कॉफी मुळातच तयार असते, ती उकळायची नाही. इन्स्टंटमध्येही चिकोरी मिसळलेले प्रकार मिळतात, तेव्हा पाकीट इथेही वाचा.

गोव्यात माडाचा गूळ मिळतो. तो घातला तर कॉफीला थोडा खारट-धुरकट असा वेगळाच स्वाद येतो. दुधाशिवायची करायची असेल तर हाच मसाला आणि माडाचा गूळ पाण्यात उकळा, कॉफी घालून गाळा. ती आपल्या खालच्या शेजाऱ्यांच्या सुक्कु कापीच्या जवळ जाते. तिच्यात मिरी थोडी वाढवा.

जायफळ जपून

ही गोष्ट गमतीची नाही, म्हणून वेगळी सांगतो. जायफळाने झोप चांगली लागते म्हणून काही घरांत ते सढळ हाताने घालतात. त्यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. चिमूटभर जायफळाने काही होत नाही. पण चमचा-दोन चमचे पूड पोटात गेली तर उलट्या, धडधड, तोंडाला कोरड, गुंगी आणि भ्रम होऊ शकतो. हा परिणाम काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे कशाने झालं ते लक्षात येत नाही. कपाला किसणीवरच्या दोन-तीन घासण्या एवढंच प्रमाण ठेवा. असा त्रास कुणाला झाला तर घरी उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

दुसरं, कॅफिन. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलीग्रॅम आणि गरोदर स्त्रीला २०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन चालेल असं म्हटलं आहे. वर सांगितलेल्या एका कपात, कॉफीच्या जातीनुसार, साधारण ६० ते १०० मिलीग्रॅम कॅफिन येतं. रोबस्टा जातीत ते अरेबिकापेक्षा जवळपास दुप्पट असतं. त्यात चहा, कोला धरून मोजा. गरोदर सुनेला, लेकीला ही कॉफी देताना कप छोटा ठेवा, जायफळ टाळा आणि तिच्या डॉक्टरांना विचारा.

लहान मुलांना कॉफी नकोच. त्यांच्यासाठी मसाल्याचं गाळलेलं पाणी थोडं, दूध जास्त आणि गूळ. झालं मसाला दूध. मुलांच्या हातात कप आला की ती खूश, त्यात काय आहे याच्याशी त्यांना घेणं नसतं.

खर्च किती?

आपल्या गावचा भाव घालून हिशेब करा. समजा, कॉफी पूड किलोला ८०० रुपये, तर ३० ग्रॅमचे २४ रुपये. दूध लिटरला ६० रुपये, तर ४०० मिलीचे २४. गूळ ४० ग्रॅम, साधारण ३ रुपये. मसाला आणि जायफळ धरा ६ रुपये, गॅस ३ रुपये. एकूण ६० रुपये. चार कपांना भागलं तर कपाला १५ रुपये. मोठ्या शहरातल्या कॅफेत अशाच कपाला अडीचशे-तीनशे मोजावे लागतात. तिथे जागेचं भाडं, एसी आणि बसायची सोय याचेही पैसे असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात सतरा माणसं असताना कुणी सतरा कप बाहेरून आणणार नाही.

यंदा सुट्टीत आत्या पुन्हा येणार आहे. मी तिला फोनवर सांगितलं, या वेळी कॉफी मीच करणार. ती म्हणाली, "कर बाबा, पण आधी पळीभर दूध उकळून बघ." मसाल्याचा डबा भरून ठेवला आहे, पूड पंचवीस तारखेच्या दोन दिवस आधी दळून आणणार. तुम्हीही एखाद्या रविवारी आधी चार कपांचं करून बघा, घरच्या माणसांच्या जिभेला किती सुंठ, किती गूळ चालतो ते ठरवा आणि मगच मोठं पातेलं चढवा.